खाली विचारा

मामांच्या साइटचं एक पान मोबाइलवर उघडायला अकरा सेकंद लागायचे. भाचीने घड्याळ लावून मोजले होते. अकरा सेकंद म्हणजे काही फार नव्हे, असं तुम्हाआम्हाला वाटेल. बेल वाजवून आतली कडी निघेपर्यंत आपण त्याहून जास्त वेळ दारात उभे राहतो. पण मोबाइल हातात घेतलेल्या माणसाला तेवढा दम नसतो. तिसऱ्या सेकंदाला त्याचा अंगठा वळवळायला लागतो आणि पाचव्याला तो दुसऱ्याच कुणाच्या दारात गेलेला असतो. भाचीची रोजीरोटीच त्यावर होती. दुकानदारांच्या, दवाखान्यांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरीला होती आणि 'साइट फार हळू आहे हो' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकायची. सगळ्या गावाच्या साइट पळवणाऱ्या या बाईच्या सख्ख्या मामांची साइट मात्र रांगत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मामा शिलाई मशीनचे मेकॅनिक. चाळीस वर्षं एका अरुंद गाळ्यात बसून त्यांनी मशिनं दुरुस्त केली. मग उजव्या हाताला कंप सुटला. औषधं झाली, व्यायाम झाले, कुणीकुणी सांगितलेले सतरा उपाय झाले, कंप काही हलेना. शिलाई मशीनचे स्क्रू मुंगीएवढे असतात. एके दुपारी बॉबिनच्या पेटीचा स्क्रू बोटांतून निसटून फरशीवर पडला आणि गिऱ्हाईक बाई समोर उभी असताना मामा अर्धा तास गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिले. सापडला तेव्हा तो बसवायला त्यांनी त्या बाईच्याच हातात दिला. पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी गाळ्याला कुलूप लागलं ते कायमचं.

घरी बसलेले मामा म्हणजे मामींच्या डोक्याला ताप. त्यांनी आधी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मग खिडक्यांना, मग ज्याला कधीच तेल लागत नाही अशा इस्त्रीच्या टेबलालाही. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," मामी फोनवर भाचीला म्हणाल्या, "काहीतरी काम लाव गं ह्यांना, नाहीतर मीच कामाला लागते कुठेतरी."

भाचीने साइट काढून दिली ती तेव्हा. मामांनी एकेका तक्रारीवर एकेक पान लिहिलं. 'मशीन टाके सोडतं'. 'खाली दोऱ्याचा गुंता होतो'. 'सुई सारखी तुटते'. 'चाक जड फिरतं'. म्हणजे मामांनी सांगितलं आणि मामींनी एका बोटाने टाइप केलं. प्रत्येक पानाचा शेवट एकच: 'आणखी काही अडलं असेल तर खाली विचारा.' आणि त्याखाली एक चौकट, तिच्यात माणसाने आपला प्रश्न लिहायचा; प्रश्न आणि त्याचं उत्तर मग साइटवरच्या एका वेगळ्या पानावर सगळ्यांना दिसायचं. फोन नंबर द्यायला मामींनी साफ नकार दिला होता, जेवायच्या वेळेला लोकांची मशिनं ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

आणि लोक विचारायला लागले हो. रोज आठ, कधी दहा. कोण कुठली माणसं, कुठल्या कुठल्या माळ्यांवरून आज्यांची मशिनं खाली काढून पुसून बसलेली. मामा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, नऊच्या ठोक्याला संगणकापुढे बसायचे. मामी प्रश्न वाचून दाखवायच्या. मग मामा उठून आतल्या खोलीत जायचे.

ही त्यांची पद्धत होती आणि ती दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकची असेल असं मला वाटत नाही. आतल्या खोलीत गाळ्यातून आणलेली अकरा मशिनं ओळीने मांडलेली होती. हाताची, पायाची, मोटरची, जगात जेवढ्या जाती आहेत त्यातल्या बहुतेक. कंप वाढत जाणार हे ओळखून, हात धड होते तेव्हाच मामांनी त्यांचे मोक्याचे स्क्रू आणि झाकणं बोटाने फिरतील अशी सैल करून ठेवली होती. कुणी विचारलं, की मशीन टाके सोडतंय, तर मामा त्याच जातीच्या मशीनपाशी जाऊन आधी ते मुद्दाम बिघडवायचे. सुई उलटी लाव, दोऱ्याचा ताण वाढव, शटलमध्ये धागा अडकव. अगदी तसंच, त्या माणसाचं बिघडलंय तसंच बिघडलं, की मग ते दुरुस्त करायचे आणि बाहेर येऊन उत्तर सांगायचे. "उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत," ते म्हणायचे, "त्याचं दुखणं आधी आपल्या घरात आलं पाहिजे." एका उत्तराला कधी तासही लागायचा. मामी तोवर भाजी निवडायच्या.

उत्तरात मामी आपलंही चार शब्दांचं घालायच्या, मामांना न विचारता. 'हे म्हणतात शटल साफ करा. मला विचाराल तर आधी नवी सुई आणा, निम्मी दुखणी तिथेच जातात.' लोकांना ते फार आवडायचं. एकदा मात्र मामांचं डोकं फिरलं. एका बाईने लिहिलं, मशीन करकरतं, कंपनी फसवी आहे. मामांनी आत जाऊन तेल पार पुसून काढून एक मशीन करकरवलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "लिही, तेल शेवटचं कधी घातलं होतं? या जन्मात की मागच्या?" मामींनी ते जसंच्या तसं टाइप केलं. नको तिथे प्रामाणिकपणा.

तर अशी ती साइट, आणि तिचे ते अकरा सेकंद.

त्या सुमाराला भाचीच्या ऑफिसात नवं वारं आलं होतं. मोबाइलसाठी झटपट पानं. प्रत्येक पानाच्या दोन आवृत्त्या ठेवायच्या: एक मोठ्या संगणकावर दिसणारी, नेहमीची, अंगावर सगळे दागिने घातलेली, आणि एक मोबाइलवर शोधणाऱ्यांसाठी, सगळे दागिने उतरवलेली. नुसता मजकूर आणि आवश्यक तेवढी चित्रं. नियम कडक. यादीत नसलेली एक गोष्ट जरी पानावर राहिली, तरी तपासणीत लाल फुली येते आणि शोधयंत्र ते पान दारात उभं करत नाही. सगळं नियमात असलं तर हिरवी खूण येते आणि पान असं उघडतं, की अंगठा टेकला न टेकला तोच समोर हजर.

साहेब म्हणाले, "कुणीतरी करून बघा आधी. गिऱ्हाइकाच्या साइटवर पहिला प्रयोग नको."

भाची म्हणाली, "मी बघते. माझ्याकडे एक साइट आहे."

इथे तिला दोष देताना हात जरा आखडतो माझा, कारण मनात काळंबेरं काही नव्हतं. मामांचं भलं होईल आणि आपलं शिकून होईल, एका दगडात दोन पक्षी. पण प्रयोग त्यांच्यावर झाला हे खरं, आणि पुढे तिला स्वतःला तेच सगळ्यात जास्त बोचलं. गिऱ्हाइकावर नको म्हणून मामांवर.

एका शनिवारी ती बसली. चित्रं हलकी केली. पाहुण्यांची मोजणी करणारं यंत्र नियमातलं बसवलं. मामींनी हौसेने लावून घेतलेलं उडणारं फुलपाखरू काढून टाकलं. तरी तपासणीत लाल फुली. कशावर, तर त्या प्रश्नाच्या चौकटीवर. चौकट जुन्या पद्धतीची होती, झटपट पानावर ती चालत नव्हती. नव्या पद्धतीने बसवता आली असती, पण त्याला आणखी तीन-चार तासांचं काम होतं, आणि सोमवारी ऑफिसात आकडे दाखवायचे होते. भाचीने चौकट तेवढी झाकून ठेवली आणि तिथे स्वतःसाठी दोन शब्द लिहिले: 'नंतर बसवणे.' लगेच हिरवी खूण आली. मोबाइलवर पान उघडलं. एका सेकंदाच्या आत. तिने घड्याळ लावून तीनदा उघडलं, तीनदा टाळी वाजवली, आणि तिन्ही वेळा पानाचा वरचा भाग बघून मोबाइल बंद केला. खालपर्यंत ती गेलीच नाही.

सोमवारी ऑफिसात कौतुक झालं. महिन्याभरात मामांच्या साइटवर रोज चारशे लोक यायचे ते अकराशे, बाराशे यायला लागले. साहेबांनी तो आलेख मोठ्या पडद्यावर दाखवून पाच गिऱ्हाइकं पटकावली. भाचीच्या हाताखाली दोन माणसं आली. 'नंतर'चं काय झालं, तर जगात सगळ्यांच्या 'नंतर'चं जे होतं तेच.

तिकडे मामांकडे प्रश्न यायचे बंद झाले.

एकदम नाहीत. मोठ्या संगणकावरून येणारी माणसं अजून होती. आठवड्याला एखादा प्रश्न यायचा. पण शिलाई मशीन बिघडल्यावर माणूस संगणक लावायला जातो कुठे? तो मशीनपुढे बसल्या बसल्या मोबाइल काढतो. आणि मामांच्या घरी बटणांचा जुना फोन आणि टेबलावरचा मोठा संगणक. ते रोज आपली साइट उघडून बघायचे. त्यांना सगळं जागच्या जागी दिसायचं, मजकूर, फुलपाखरू आणि खाली ती चौकट, रिकामी. शर्ट घालून नऊ वाजता बसायचे, मामी म्हणायच्या "आज काही नाही", आणि तरी ते साडेदहापर्यंत खुर्चीवरून उठायचे नाहीत.

मामींनी भाचीला फोन केला. "काय गं, कुणी विचारतच नाही आताशा. बिघडलंय का काही?"

ती ऑफिसात होती. तिने समोरच्या मोठ्या पडद्यावर साइट उघडली. चौकट होती. "काही बिघडलेलं नाही मामी. उलट लोक तिप्पट झालेत! अहो, मामांनी इतकं नीट लिहिलंय, की वाचूनच सगळ्यांचं भागतंय. सांगा त्यांना." आणि खात्री म्हणून तिने त्या चौकटीत 'टेस्ट' असा एक शब्द लिहून पाठवून दिला. गेला. म्हणजे चालू आहे. तिने फोन ठेवला आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या शब्दाला उत्तर आलं होतं. 'नमस्कार. टेस्ट म्हणजे काय ते नीट कळलं नाही. मशीन कुठलं आहे, हाताचं की पायाचं? घाई नाही, सावकाश लिहा. आम्ही रोज सकाळी नऊपासून आहोत.' भाचीला हसू आवरेना. तिने ते शेजारच्या टेबलावरच्या दोघींना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. पुढे कित्येक दिवस ऑफिसात कुणी काही विचारलं, की 'मशीन कुठलं आहे?' हा विनोद चालायचा.

मामांनी भाचीचं म्हणणं पंधरा दिवस मानलं. लोक तिप्पट झाले म्हणून शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा. पण मनात एकदा किडा शिरला की तो काही गप्प बसत नाही. वाचून भागतं म्हणावं, तर आधी का भागत नव्हतं? अक्षर तेच, पान तेच. एकच गोष्ट त्यांना आठवत राहिली, ती तेलवाली बाई. आपण तिला चारचौघांत टाकून बोललो. लोकांनी ते वाचलं असणार. कोण येईल अशा खवट म्हाताऱ्याच्या दारात?

मग त्यांनी जुनी सगळी उत्तरं काढली. जिथे जिथे आपला सूर तिखट लागलाय असं वाटलं तिथे तिथे ते मामींकडून बदलून घेऊ लागले. 'एवढंही कळत नाही का' च्या जागी 'हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही'. 'सुई म्हणजे काय खिळा आहे का' पार खोडलं. त्या बाईच्या प्रश्नाखाली लिहून घेतलं: 'त्या दिवशी मी बोलू नये ते बोललो. तुमचं मशीन आता कसं आहे?' त्या बाईने मागे एकदा विचारलं होतं आणि ती निघून गेली होती, ती ते कशाला बघते? पण मामा रोज तिच्या उत्तराची वाट बघायचे. ह्यातलं काही भाचीला कुणी सांगितलं नाही. मामींचं एकदा सांगून झालं होतं, आणि उत्तरात त्यांना नुसता आकडा मिळाला होता.

असे आठ महिने गेले.

एका शुक्रवारी सकाळी दातांचे एक डॉक्टर भाचीच्या ऑफिसात येऊन साहेबांवर बरसले. झटपट पानं केल्यापासून साइट धावतेय म्हणे, पण वेळ ठरवायला एक माणूस येत नाही. साहेबांनी भाचीला बोलावलं. भाचीने मोबाइलवर डॉक्टरांचं पान उघडलं आणि अंगठ्याने खाली, खाली, पार खाली गेली. वेळ मागायची चौकट नव्हती. तिच्या हाताखालच्या माणसाने तपासणीत लाल फुली येते म्हणून झाकून ठेवली होती. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेब ओरडले. तो माणूस बिचारा भाचीकडे बघत राहिला.

भाचीने साहेबांसमोर उभ्या उभ्या मामांचं पान उघडलं. झर्रकन उघडलं, काय सांगू. ती खाली गेली. सुई, शटल, दोरा, तेल. अगदी शेवटी ते वाक्य: 'आणखी काही अडलं असेल तर खाली विचारा.' आणि त्याखाली काहीच नाही. पांढरं.

आठ महिने रोज हजारावर माणसं त्या वाक्यापर्यंत आली होती आणि खाली विचारायला गेली होती, आणि खाली भिंत होती. तिला मामींचा फोन आठवला. 'मशीन कुठलं आहे?' आठवलं, आणि आपण हसलो ते आठवलं. डॉक्टरांचं काम तिने बाजूला सारलं, साहेब बघत असताना, आणि चौकट नव्या पद्धतीने बसवायला घेतली. आठ महिन्यांपूर्वी तीन-चार तासांचं वाटलेलं ते काम चाळीस मिनिटांत झालं. हात सरावले होते ना आता. वरातीमागून घोडं, पण निघालं एकदाचं.

शनिवारी सकाळपर्यंत एकोणीस प्रश्न आले होते. एकोणीस! भाचीने ते सगळे वाचले आणि नऊ वाजायच्या आत मामांच्या घरी पोहोचली. रस्ताभर ती ठरवत होती, आधी आनंदाची बातमी द्यायची, मग कबुली. मग वाटलं, आधी कबुली. दारात पोहोचेपर्यंत काहीच ठरलं नव्हतं.

दार मामांनी उघडलं. अंगात घरातला मळका सदरा होता, दाढी दोन दिवसांची. "बुटके, तू? एवढ्या सकाळी?" ती पाच फूट तीन इंच आहे, पण मामांसाठी ती बुटकीच.

"मामा, संगणक लावा. प्रश्न आलेत. एकोणीस."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग आत वळून हाक मारली. "अगं, ऐकलंस का? एकोणीस म्हणते ही." त्यांचा चेहरा असा उजळला, की भाचीला तिथून पळून जावंसं वाटलं. "त्या बाईंनी राग सोडला वाटतं. मी म्हटलं होतं हिला, माणूस धरून बसत नाही इतकं." ते घाईघाईने शर्ट बदलायला गेले. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढताना हाताच्या कंपाने हँगर वाजत होता.

कोण बाई, कसला राग, हे भाचीला मामींनी तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सांगितलं. हळू आवाजात, सगळं. बदललेली उत्तरं, मागितलेली माफी. भाचीला वाटलं, गप्प राहावं. राग सोडला म्हणावं, लोक परत आले म्हणावं, कुणाचं काय बिघडतं? मामा खूश, मामी खूश. दोन मिनिटं तिने तसं ठरवूनही टाकलं होतं.

मामा शर्टाच्या गुंड्या न लावताच बाहेर आले. "वाच, पहिला काय आहे?"

"मामा, राग कुणालाच आला नव्हता," भाची म्हणाली. "माझ्यामुळे झालं. मोबाइलवरच्या पानावरून प्रश्नाची चौकट मी काढली होती. पान लवकर उघडावं म्हणून. नंतर बसवते म्हणाले आणि विसरले. तुमच्या संगणकावर दिसायची, मोबाइलवर नव्हती. मामींनी विचारलं तेव्हाही मी नीट बघितलं नाही."

मामा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे येत होते लोक?"

"रोज येत होते."

"त्यांना विचारायचं होतं?"

"पुष्कळांना असणार."

"आणि मला वाटलं..." ते थांबले. रागवा हो मामा, असं तिला ओरडून म्हणावंसं वाटत होतं. पण त्यांनी गुंड्या लावायला घेतल्या. तिसरी लागेना, तेव्हा मामींनी पुढे होऊन लावली.

"यादी काढ," मामा म्हणाले. "आठ महिन्यांत कोण कोण आलं, कुणाचं काय अडलं होतं. एकेक करून उत्तरं देऊ. वेळ आहे मला."

"यादी नाही मामा. चौकटच नव्हती, त्यामुळे कुणी काही लिहिलंच नाही. नावं नाहीत, प्रश्न नाहीत."

"मग आहे काय तुझ्याकडे?"

"किती जण आले त्याचा आकडा."

"किती?"

तिला तो पाठ होता. गुरुवारपर्यंत तिला त्याचा अभिमान होता. "दोन लाख चौसष्ट हजार," ती म्हणाली.

"एवढ्या लोकांना मी दारातून परत पाठवलं?"

"तुम्ही नाही हो, मी."

"पाटी माझ्या नावाची होती ना गं," मामा म्हणाले.

मामी म्हणाल्या, "आता त्या एकोणिसांचं तरी बघा. पहिली कुणीतरी लिहिते, पायाचं मशीन आहे, चाक पुढे फिरतं पण दोन टाके झाले की अडतं." आणि वाचता वाचताच त्या थांबल्या. मामाही सवयीने अर्धे उठले होते, ते तसेच परत बसले. दोघं एकमेकांकडे बघेनात.

भाची आतल्या खोलीत गेली. खोलीत कपडे वाळत घातलेले होते. चादरी, टॉवेल, मामांचे दोन पायजमे. मशीन एकही नव्हतं.

"तीन आठवडे झाले," मामी तिच्या मागून म्हणाल्या. "भंगारवाल्याला बोलावलं ह्यांनीच. म्हणाले, कुणाला नको तर आपल्याला तरी कशाला, तुला कपड्यांना जागा होईल. मी नको म्हटलं गं. दोनदा म्हटलं."

भाचीने त्या भंगारवाल्याला फोन लावला. त्याला आठवत होतं. लोखंड वेगळं, लाकूड वेगळं केलं, म्हणाला, त्याच दिवशी. ती बाहेर आली. "मामा, मी मशीन आणून देते. आजच. दोन आणते, चार आणते."

"आणशील," मामा म्हणाले. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो थरथरताना तिघांनीही बघितला. "नवं मशीन आवळलेलं असतं बुटके. ती अकरा मी हात धड होते तेव्हा सैल करून ठेवली होती. आता एक स्क्रू निघायचा नाही माझ्याने. मशीन बिघडवायलासुद्धा हात लागतो."

"मी काढते ना स्क्रू. तुम्ही सांगा, मी काढते."

"रोज नऊला येशील? ऑफिस सोडून?"

भाचीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. आजवर तिने किती झटकन 'हो' म्हटलं होतं, किती जणांना. या वेळी तिच्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण ते खोटं ठरलं असतं आणि मामांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी तिला फार वेळ तसं उभं ठेवलं नाही.

"बस," ते म्हणाले. "तूच टाइप कर आज, हिचं बोट दुखतं. लिही: नमस्कार. तुमचा प्रश्न मिळाला. माझ्याकडे आता मशिनं राहिली नाहीत, त्यामुळे तपासून सांगता येत नाही, आणि अंदाजाने सांगितलं तर तुमचं आणखी बिघडेल. जवळच्या एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा. उशीर झाल्याबद्दल माफ करा."

"उशीर कुठे झालाय मामा? हे तर कालच आलेत."

"लिही तू."

तिने लिहिलं. मामींनी आपलं चार शब्दांचं काही घातलं नाही. मग भाचीला सुचलं, हेच उत्तर उचलून एका झटक्यात एकोणिसांनाही पाठवता येईल, एक मिनिटाचं काम. ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण मामांनी खुर्ची पुढे ओढली होती. "दुसरा वाच," ते म्हणाले, "सावकाश वाच. मशीन कुठलं आहे ते आधी सांग."

तिने वाचला. हाताचं मशीन होतं, एका आजोबांचं, बायकोच्या आठवणीत माळ्यावरून काढलेलं. सुई खाली जायची आणि वरच यायची नाही. मामांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं, कंप असलेल्या हाताने हवेतच एकदा चाक मागे फिरवलं, आणि मान हलवली. मग तिला तेच उत्तर पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. एकोणिसावं उत्तर जाईपर्यंत दीड वाजला होता.